हाताच्या जखमेत माती गेली तर मेंदूत अमीबा जातो का?

तुम्ही विचारलंय की बागकाम करताना बोट कापलं, त्यात माती गेली, आता तो मेंदू खाणारा अमीबा होणार का. आधी जरा शांत व्हा, याची शक्यता खरंच अगदी नगण्य आहे. बातम्यांत येतो तो नेग्लेरिया, तो कोमट पाण्यातून नाकावाटे शिरतो, जखमेतून नाही.

मातीतले आणि जखमेतूनही शिरू शकतील असे म्हणाल तर अकँथअमीबा आणि बालामुथिया हे दोन अमीबा. मी मायक्रोबायोलॉजीचा विद्यार्थी, आणि मला जास्त काळजी वाटते ती बालामुथियाची. 1986 मध्ये सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातलं एक मँड्रिल माकड दगावलं, त्याच्या मेंदूत तो पहिल्यांदा सापडला. अकँथअमीबा मेंदूत गेलाच तर बहुतेक वेळा ज्यांची इम्युनिटी कमी आहे अशांच्या, पण बालामुथिया धडधाकट माणसाला, लहान मुलांनाही होतो. जगभरात नोंदलेल्या केसेस काही शेच आहेत, पण त्यातले जवळपास 90 टक्के पेशंट वाचले नाहीत.

आता महत्त्वाचं. बालामुथिया झालेल्या काही जणांना आधी फक्त त्वचेवर चट्टा येतो, पेरू देशातल्या पेशंटमध्ये तर बऱ्याचदा नाकावर किंवा चेहऱ्याच्या मधोमध, लालसर-जांभळा, जाड, न दुखणारा, आणि दुखत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही, मग कित्येक आठवडे नाहीतर महिने गेल्यावर डोकेदुखी, फिट्स, एका बाजूची ताकद जाणं सुरू होतं. तोवर उशीर झालेला असतो. एमआरआयमध्ये ते ट्यूमर किंवा टीबीसारखं दिसतं, बायॉप्सीत, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासला तर, अमीबा आपल्याच पांढऱ्या पेशींसारखा दिसतो म्हणून तिथेही सुटतो, आणि सूज कमी करायला स्टेरॉइड दिलं तर आजार आणखी बळावू शकतो. पाचसहा औषधं एकत्र द्यावी लागतात. 2021 मध्ये कॅलिफोर्नियात एका पेशंटला नायट्रॉक्सोलिन दिलं, युरोपात लघवीच्या इन्फेक्शनसाठी वापरतात ते जुनं औषध, आणि तो माणूस वाचला! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

तुमची जखम साबण-पाण्याने नीट धुवा, पुढच्या वेळी ग्लोव्ह्ज घाला, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा कारण मातीतल्या जखमेत त्याचा धोका याहून कितीतरी जास्त. भरली जखम की विषय सोडून द्या. भरलीच नाही, किंवा चट्टा महिनाभर तसाच राहून वाढत गेला, तर स्किनच्या डॉक्टरांना मातीत काम केल्याचं स्वतःहून सांगा आणि बायॉप्सी करायची का ते विचारा.