माझा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) वाटीतलं पाणी पीतच नाही, डोळेही खोल गेलेत. काय करू?

आधी ती वाटी काढा. वाटीत साचलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनना पाणी म्हणून उमगतच नाही. पानांवरचे हलते, चमकणारे थेंब ते चाटतात. सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा मारा आणि थेंब थेंब गळणारी बाटली वर टांगा. तो जीभ लावेपर्यंत लांबून बघत राहा, वेळ लागतो. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-केशरी दिसला तर पाणी कमी पडतंय असं समजा. दिवसाही डोळे मिटून बसत असेल तर मात्र थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे आजच न्या.

यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, आहे ना? त्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही आणि पाय वाकडे होतात. दिवा पेटत असला तरी त्यातले हे किरण घटत जातात, म्हणून प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांनी बदला. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे चालत नाही. किड्यांना आधी पालेभाजी खाऊ घाला, कॅल्शियमची पूड लावा, मगच द्या.

आणि कृपया त्याला सारखं हातात घेऊ नका. बिचारा भीतीनं काळवंडतो, बघणाऱ्यांना वाटतं रंग बदलून दाखवतोय.