शिफ्टचा खर्च दिसायला लागल्यापासून

"मॅडम, हल्ली मला माणसं दिसतच नाहीत, रुपये दिसतात." हॉटेल, दवाखाना, मोठं दुकान, जिथे जिथे कुणी शिफ्ट लावतं, तिथून हे गाऱ्हाणं माझ्याकडे, एका समुपदेशकाकडे, येतच असतं. पूर्वी ड्युटी लिस्ट भिंतीवर लागायची आणि पगाराचा हिशेब महिनाअखेरीस अकाउंट्सवाले बघायचे. आता अ‍ॅपमध्ये शिफ्ट टाकली की शेजारी तिचा खर्च उमटतो.

पुण्यातल्या एका कॅफेचे मॅनेजर आले होते (ओळख बदलली आहे). वेटर म्हणून सुरुवात करून वर चढलेले. झोप उडाली होती. रात्री अंथरुणातून अ‍ॅप उघडायचं, दिवसाची एकूण रक्कम लाल दिसली की धडधड सुरू. सकाळी ज्याची शिफ्ट लांबली त्याच्यावर खेकसायचं, आणि मग दिवसभर मन खात राहायचं.

"लाल म्हणजे काय?" मी विचारलं.

"बजेटच्या वर गेलो."

"वर गेलात, म्हणजे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मी मॅनेजर व्हायच्या लायकीचाच नाही."

मी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांत वाढलेली. आकडा छळत नाही, आपण त्यावर चिकटवलेला निकाल छळतो, यावर माझा पक्का विश्वास. पण तो विश्वास समोरच्याला ऐकवून काही होत नाही. मी म्हटलं, "फोन काढा. कालचा दिवस उघडा. एकूण रकमेवर थांबू नका, एकेक शिफ्ट दाबून बघा."

पहिली लाल शिफ्ट: तासाला १०० रुपये, ८ तासांचे ८००. पुढे २ तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने ४००. एकूण १२००. खाली नोटचा रकाना रिकामा.

"हा मुलगा का थांबला?"

"संध्याकाळची मुलगी आली नाही. तिची परीक्षा होती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिवस आधी..." आणि ते स्वतःच हसले. "बदली माणूस घ्यायला मालकांना विचारावं लागलं असतं. टाळलं मी."

बदलीवाल्याला त्याच २ तासांचे २०० पडले असते. वरचे २०० त्या मुलाने खाल्ले नव्हते, न केलेल्या एका फोनचे ते होते. दुसरी लाल शिफ्ट तपासली, तर रविवारची गर्दी. तिथे माणूस थांबवणं बरोबरच होतं. एकाच रंगाच्या दोन शिफ्ट, एकीत टाळाटाळ, दुसरीत चांगला निर्णय. लायकीचा प्रश्न कुठेच नव्हता. असा क्षण समोर घडताना बघणं, त्यासाठी तर मी या खुर्चीत बसते.

तुमचंही असंच होत असेल तर खर्च शिफ्ट लावताना बघा, रात्री नको. आधी तपशील उघडा: वेळ, सुट्टीचा अर्धा तास कापलाय का, दर कोणता लागलाय. बेरीज त्यानंतर. शिफ्ट लांबली की कारण तिथल्या तिथे नोटमध्ये लिहा. मालकांनी विचारलं तर तेच वाचून दाखवता येतं. महिन्याच्या पगारावरची माणसं त्या बेरजेत धरली आहेत की नाहीत, हे एकदा विचारून घ्या, नाहीतर भलत्याच आकड्याला घाबराल. आणि लाल रंग घालवायला कुणाचा ओव्हरटाइम कागदावर कमी दाखवू नका. दुप्पट दर हा कायद्याने त्याचा हक्क आहे.

स्टाफला एकमेकांचे दर दिसत नाहीत ना, हेही सेटिंगमध्ये तपासा. ते दिसले की होणारी भांडणं घेऊन येणारे वेगळेच. त्यांच्याबद्दल पुन्हा कधी.