मॉडेल किटवर स्प्रे प्रायमर खरखरीत बसला आहे, सगळा काढावा लागेल का?

बहुतेक वेळा सगळा काढावा लागत नाही. कॅन लांब धरला किंवा हवा फार गरम, कोरडी असली की प्रायमरचे (रंगाआधी मारायच्या अस्तराचे) थेंब प्लास्टिकवर पोचण्याआधीच वाळतात आणि भुकटीसारखे चिकटतात. एक दिवस पूर्ण वाळू द्या, मग १५०० किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवा. रिव्हेट आणि कडांवर जपून, तिथला तपशील पटकन झिजतो. पुढचा हात १५-२० सेंटीमीटरवरून, पातळ द्या.

पॅनेलच्या रेषाच (भागांवर कोरलेल्या जोडांच्या बारीक खाचा) बुजल्या असतील तर मात्र काढलेलाच बरा. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, भाग त्यात काही तास बुडवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासा. प्रायमर सालपटासारखा सुटू लागतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. अॅसिटोन किंवा लॅकर थिनर चुकूनही वापरू नका, त्यात किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळतं.

लॅकर प्रकारचा प्रायमर अल्कोहोलला सहज दाद देत नाही, म्हणून आधी स्प्रूच्या (भाग जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर करून बघा. काचेसारखे पारदर्शक भाग यात बुडवू नका, त्यांना बारीक तडे जाऊ शकतात.