फायनल गेली म्हणून हॅण्डबॉल सोडायचा?

अगं, तुझा मेसेज वाचला. फायनल एका गोलने गेली, सेंटर बॅकला, म्हणजे मधून अटॅक चालवणाऱ्या जागेवर, तू होतीस म्हणून सगळं खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतलंस आणि आता खेळच सोडते म्हणतेस. याचं उत्तर दोन ओळीत द्यायची माझी इच्छा नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय, तूही निवांत वाच.

तुला अनिता ग्योर्बित्सबद्दल सांगायचंय. हंगेरीची, १९८३ चा जन्म, गाव वेसप्रेम, तिथे हॅण्डबॉलचं वेड आपल्याकडे क्रिकेटचं असतं तसं. तुझ्याच जागेवर खेळायची, सेंटर बॅक. उंची साधारण पावणेसहा फूट, म्हणजे युरोपातल्या त्या धिप्पाड डिफेन्सपुढे काही फार नाही. कोवळ्या वयात हंगेरीतल्याच ग्योर शहराच्या क्लबमध्ये गेली आणि २०२१ ला रिटायर झाली तीही त्याच क्लबमधून, सीनियरची सगळी वर्षं एकाच जर्सीत, १३ नंबर. तो नंबर आता क्लब कुणालाच देत नाही.

आता तिच्या हरण्याचं ऐक, कारण तुला आत्ता तेच ऐकायची गरज आहे. २००३ ला झाग्रेबमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, समोर फ्रान्स, हंगेरीकडे चांगली भक्कम आघाडी होती आणि शेवटच्या काही मिनिटांत ती निसटली, एक्स्ट्रा टाइममध्ये ३२-२९ ने मॅच गेली. ती तेव्हा विशीची. दोनच वर्षांनी, २००५ ला, ती जगातली बेस्ट प्लेयर ठरली! पण म्हणून पुढचं सगळं सोपं झालं असं समजू नकोस. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये हंगेरी चौथी, आणि ऑलिम्पिक मेडल तिला शेवटपर्यंत मिळालंच नाही. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल ग्योर २००९ ला डेन्मार्कच्या विबोर्गकडून हरलं, २०१२ ला तर फायनलच्या दोन्ही मॅच मिळून गोल बरोबरीत होते आणि तरी बाहेरच्या मैदानावर मारलेल्या गोलांच्या नियमाने कप मॉन्टेनेग्रोच्या बुदुच्नोस्तकडे गेला. असं हरणं किती लागत असेल याची तुला आता कल्पना आहे.

आणि मग २०१३ ला तो चॅम्पियन्स लीगचा कप आला. वय तिशीला टेकलेलं, बेस्ट प्लेयर होऊन आठ वर्षं झालेली. २०१४ ला परत आला. २०१५ ला तिला मुलगा झाला, लोकांना वाटलं झालं आता, तर बाई परत मैदानात. २०१६ ची फायनल बुखारेस्टच्या टीमकडून पेनल्टीवर गेली, आणि नंतर २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं ग्योरच जिंकलं. स्कोअर बघ, ३१-३०, २७-२६, २५-२४. तिन्ही फायनल एका गोलच्या! त्यातल्या दोन तर एक्स्ट्रा टाइमच्या. समोरच्या टीममधल्या मुली काय वाईट खेळल्या असतील का? एका गोलने हरलेली टीम कमी दर्जाची असते हे डोक्यातून काढून टाक.

अजून एक गोष्ट मला तिची फार आवडते. नंतर ग्योरमध्ये निक्के ग्रोटसारखी जबरदस्त सेंटर बॅक आली, तेव्हा अनिता बऱ्याचदा डाव्या विंगला, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला, खेळायची. एवढी मोठी प्लेयर, पण टीमला जिथे गरज तिथे उभी. तुझ्या कोचनी तुला विंगवर ट्राय करू म्हटलं तर तोंड पाडू नकोस, कोपऱ्यातून कमी अँगलने मारायला शिकलीस तर त्याचा फायदाच आहे.

आता कामाचं. तिच्या जुन्या मॅचेस यूट्यूबवर मिळतात, त्या बघ, पण बॉलकडे बघू नकोस, तिच्या खांद्याकडे बघ. बॉल हातात आला की खांदा आणि नजर अशी टाकते की आता शॉटच मारणार, समोरच्या दोघी डिफेंडर एक पाऊल पुढे येतात, सहा मीटरच्या लाइनवर पिव्होटला (डिफेन्सच्या मधोमध उभी राहणारी आपली प्लेयर) जेमतेम हातभर जागा मिळते आणि बॉल अनिताच्या कमरेजवळून टप्पा देऊन तिथे पोचलेला असतो. हे सगळं तीन पावलांच्या आत. तुझा पास तिसरं पाऊल पडल्यावर सुटतो, मी पाहिलंय, तोपर्यंत डिफेन्स परत बंद होतो. दुसऱ्या पावलावर सोडायची सवय लावायची, बास, सध्या एवढंच, बाकी शॉट वगैरे तुझा छान आहे.

हा आठवडा आराम कर, घरचं खा, झोप काढ. पुढच्या सोमवारी ग्राउंडवर ये आणि पिव्होट खेळते ती तुझी मैत्रीण आहे ना तिलाही घेऊन ये, पास एकटीने शिकता येत नाही.