गाइडचा एच-इंडेक्स 11 की 41?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकांच्या जेनेटिक मॅपिंगवर (गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठे आहे याचा नकाशा काढण्यावर) पीएचडी करायची आहे, दोन गाइड मिळू शकतात, संख्याशास्त्राच्या मॅडमचा एच-इंडेक्स 11 आणि बायोटेक्नॉलॉजीच्या सरांचा 41, तर सर जवळजवळ चौपट भारी समजायचे का?

नाही. चौपट सोडा, या दोन आकड्यांवरून कोण पुढे आणि कोण मागे एवढंही सांगता येत नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो. नॅकचं, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा ठरवणारं मूल्यांकन जवळ आलं की सगळ्या विभागांचे पेपर आणि सायटेशन (इतरांच्या पेपरांत त्यांचे आलेले संदर्भ) गोळा करून तक्ते भरायचं काम आमच्या गळ्यात पडतं. गणित आणि फार्मसी एकाच तक्त्यात वर-खाली बसवायची आणि मग बैठकीत गणितवाल्यांनी मान खाली घालून बसायचं, हा प्रकार दर वेळी ठरलेला. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एच-इंडेक्स या मापाबद्दल. जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने ते 2005 मध्ये सुचवलं. एखाद्याचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा 300, 40, 12, 7, 5, 5, 2 अशी रांग लागली. पहिल्या पाच पेपरांना किमान पाच-पाच सायटेशन आहेत, पण सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 5. पहिल्या पेपरची 300 सायटेशन उद्या 3000 झाली तरी उत्तर 5 च राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हिर्शच्या त्याच पेपरात भौतिकशास्त्रज्ञांमध्ये सर्वांत वर एडवर्ड विटन होते, 110 वर. जीवशास्त्रज्ञांमध्ये सर्वांत वर सॉलोमन स्नायडर, 191 वर. म्हणजे जीवशास्त्राकडचे आकडे मुळातच मोठे असतात हे माप काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं लोकांनी उचललं. 2020 मध्ये तर हिर्शने स्वतःच लिहिलं की हे माप सपशेल फसू शकतं आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

विषय बदलला की आकडा कसा बदलतो हे पाहायचं तर एकाच माणसाचे निरनिराळ्या विषयांतले पेपर शेजारी-शेजारी ठेवावेत. डोकं तेच, फक्त विषय वेगळा. असा माणूस आपल्याकडे होऊन गेला आणि तुमच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातला. शिक्षण हार्वर्डला, मग बनारस, अलिगढ, पुण्याचं फर्ग्युसन आणि शेवटी मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पगार मिळायचा तो गणिताचा.

मॅपिंगचं कोणतंही सॉफ्टवेअर उघडा. मॅप फंक्शन, म्हणजे जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र, निवडायच्या यादीत ‘हाल्डेन’ आणि ‘कोसंबी’ हे दोन पर्याय दिसतील. तो कोसंबी हाच. 1944 चा हा जेमतेम चार पानांचा पेपर. दोन जनुकांमध्ये रिकॉम्बिनेशन (पुढच्या पिढीत त्यांची जोडी बदलणं) 20 टक्के दिसलं, तर हाल्डेनच्या 1919 च्या सूत्राने अंतर 25.5 सेंटिमॉर्गन (नकाशावरच्या अंतराचं एकक) येतं आणि कोसंबींच्या सूत्राने 21.2. कारण असं की एका जागी क्रॉसओव्हर (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) झाला की लगतच्या भागात दुसरा होण्याची शक्यता सहसा घटते. हाल्डेनच्या सूत्रात हे धरलेलं नाही, कोसंबींनी धरलं. भात, गहू, भुईमूग, ज्वारी, कुठल्याही पिकाचा नवा नकाशा छापताना हा पेपर बरेचदा संदर्भयादीत जातो. सायटेशन हजारोंनी आहेत, आणि सॉफ्टवेअरचं नाव देऊन मूळ पेपर न देणारेही कमी नाहीत.

आता त्यांचा आवडता विषय घ्या, भूमिती. 1933 मध्ये जर्मनीच्या ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये त्यांचा पथ-अवकाशांवरचा लेख आला. त्याला लागूनच त्याच अंकात एली कार्तान यांनी त्यावरची आपली निरीक्षणं छापली. कार्तान म्हणजे त्या काळच्या भूमितीतलं सर्वांत मोठं नाव. पुढे गणितज्ञ चर्न यांनी भर घातली आणि आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तान-चर्न नावाने ओळखला जातो. पंचविशीतल्या मुलाला आणखी कुठली पावती हवी? पण सायटेशन मोजायला बसलात तर मॅप फंक्शनच्या आसपासही हा लेख पोचत नाही. त्यात काम करणारी माणसंच मोजकी, गणिताच्या पेपरमागे संदर्भयादी आखूड आणि एकेक पेपर पचायला वर्षं लागतात.

तिसरा नमुना आणखी बोलका आहे. 1943 मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये त्यांनी यादृच्छिक चढउतार साध्या घटकांत फोडायची जी रीत मांडली तीच पुढच्या काही वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. सिग्नल प्रोसेसिंगपासून चेहरे ओळखण्यापर्यंत सगळीकडे ती वापरली जाते, पण नाव पडलं कारहुनेन-लोएव्ह. अलीकडे कुणी कुणी आधी कोसंबी जोडतात. ऐन युद्धाच्या दिवसांत भारतीय जर्नलमधला लेख किती लोकांच्या हाती पडला असेल! यातली किती सायटेशन कोसंबींच्या खात्यात धरायची?

आणि इतिहास? 1956 चं त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं पुस्तक न वाचता या विषयात पुढे जाता येत नाही. पण स्कोपससारख्या डेटाबेसचा सगळा भर जर्नलवर, आणि इतिहासवाले पुस्तकं वाचतात, पुस्तकातच लिहितात, त्यातही मराठी-हिंदीत लिहिलेलं असलं की संदर्भ मोजला जाण्याची आशाच सोडा. आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांवरचं त्यांचं कामही असंच. नाणं हातोहात फिरताना किती झिजतं हे ठरवायला त्यांनी चलनातली साधी नाणी तोलून पाहिली आणि मग जुन्या नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावलं. काम अफलातून, पण नाणकशास्त्रात वाचणारे किती आणि संदर्भ देणारे किती!

आता मघाचा हिशोब आठवा. हजारो सायटेशन मिळवणारा तो चार पानांचा पेपर कोसंबींच्या एच-इंडेक्समध्ये फार तर एकाची भर घालतो.

सायटेशन खरं असतं यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 1931 मध्ये याच कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या कुणा रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर टिपण छापलं होतं. असा गणितज्ञ जगात नव्हताच. अलिगढमधले सहकारी, फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या चिथावणीने केलेली ती थट्टा होती. काही वर्षांनी वेय आणि मंडळींनी फ्रान्समध्ये याच टोपणनावाने ग्रंथ लिहायला घेतले. तेव्हा गंमत होती, आज असले खेळ पोटापाण्यासाठी चालतात. सायटेशनचा डेटाबेस चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 2023 मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला, कारण जिथे मुळात सायटेशन थोडी तिथे दहा-वीस जणांनी ठरवून एकमेकांचे संदर्भ दिले तरी क्रमवारी हलते.

नावांचा घोळ वेगळाच. वडील धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद, दोघेही डी. डी. कोसंबी. पाली आणि बौद्ध धर्मावरचं वडिलांचं लेखन मुलाच्या खात्यात सहज जाऊ शकतं. उलट एस. ड्यूक्रे या टोपणनावाने मुलाने लिहिलेले गणिताचे पेपर खात्याबाहेरच राहतात. तुमचे सर जोशी किंवा पाटील असतील तर हे आधी तपासा. एस. पाटील नावाखाली दोन-तीन पाटलांचे पेपर एकत्र झालेले मी स्वतः सुटे केले आहेत. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक असेल तर त्यावरून पाहा.

मग तुलना करायचीच नाही का? करा, पण विषयाच्या आत. एखाद्या पेपरच्या सायटेशनला त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या पेपरांच्या सरासरीने भागायचं. रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेल्लानो यांनी 2008 मध्ये दाखवलं की असं भागलं की वेगवेगळ्या विषयांचे आलेख जवळपास एकमेकांवर बसतात. स्कोपसमध्ये याच धर्तीचं फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट असतं. 1 म्हणजे जगाची सरासरी, 1.5 म्हणजे सरासरीपेक्षा दीडपट. तुमच्या ग्रंथालयात विचारा, काढून देतील. मॅडमचा 1.6 आणि सरांचा 0.8 निघाला तर मला नवल वाटणार नाही, उलटही असू शकतं. ‘स्टॅनफोर्डच्या दोन टक्के यादीत’ म्हणून पेपरात फोटो येतात तीही विषयवारच असते, 174 उपविषय पाडून. ती स्टॅनफोर्ड विद्यापीठाची नाही, तिथले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि सहकाऱ्यांची आहे, पण सत्काराच्या फ्लेक्सवर एवढं कोण लिहितो.

41 मध्ये सरांचा स्वतःचा वाटा किती, हेही पाहा. जीवशास्त्रात लेखकांची नावं क्रमाने बोलतात: पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं, मधली मंडळी कधी खरी मदत करणारी, कधी नुसती आमंत्रित. सरांचं नाव बहुतेक पेपरांत मध्येच कुठेतरी असेल तर सावध व्हा. मॅडमच्या बाबतीत हा नियम लावू नका, कारण गणित-संख्याशास्त्रात बरेचदा नावं आडनावाच्या अकारविल्हे येतात. 2015 मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर 5,154 लेखकांचा पेपर आला होता. 33 पानांतली 24 पानं नावांची आणि संस्थांची होती. त्या प्रत्येकाच्या खात्यात तो पेपर अख्खा धरला जातो.

खरं तर तुम्हाला थोर शास्त्रज्ञ निवडायचा नाही, गाइड निवडायचा आहे. त्यासाठी इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा आणि दोघांची नावं गाइडच्या रकान्यात टाकून शोधा. किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले ते दिसेल, काही नोंदींत नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीखही असते. एखाद्या विद्यार्थ्याला सात वर्षं लागली असतील तर कारण त्यालाच फोन करून विचारा. मॅपिंगसाठी डेटा सरांच्या शेतातून आणि विश्लेषण मॅडमच्या टेबलावर होणार असेल तर एकाला गाइड आणि दुसऱ्याला को-गाइड करता येतं का, हे विभागप्रमुखांना अर्ज भरायच्या आधीच विचारून घ्या. नंतर बदलायचं म्हणजे रिसर्च कमिटीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहत बसावं लागतं.