हेड नसलेलं डिझेल इंजिन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बॉक्सर इंजिनातही पिस्टन आडवे, समोरासमोर. मग अपोज्ड-पिस्टन वेगळं कसं? (विद्यार्थी, रामबाग, इंदूर)

बॉक्सरमध्ये पिस्टनांची एकमेकांकडे पाठ असते. मधे क्रँकशाफ्ट (पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणारा दांडा), आणि दोन्ही बाजूंना हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण. अपोज्ड-पिस्टनमध्ये एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन तोंडासमोर तोंड करून येतात, आणि बहुतेकदा प्रत्येक टोकाला एक क्रँक असतो. हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे हेड गॅस्केट उडण्याची भानगडही नाही. दोघांच्या मधे हवा दाबून तापते आणि लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) कमरेला बसवलेला इंजेक्टर डिझेल फवारतो. लायनरच्या एका टोकाला हवेचे पोर्ट (भोकं), दुसऱ्या टोकाला एक्झॉस्टचे. ते उघडमीट करतात पिस्टनच. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून ब्लोअर (हवा ढकलणारा पंप) लागतोच. त्याची हवा एका टोकाने शिरते आणि जळका वायू सरळ दुसऱ्या टोकाने बाहेर लोटते.

प्रश्न : दोन क्रँक गिअरने जोडलेले असूनही एक पुढे का ठेवतात? (सांवेर रोड, इंदूर)

मुद्दाम. पुढे, म्हणजे फिरण्यात काही अंश आधी, असतो एक्झॉस्टकडचा. फेअरबँक्स-मोर्स या अमेरिकी कंपनीच्या ३८डी इंजिनात १२ अंशांनी. एक्झॉस्ट आधी उघडला की सिलिंडरचा दाब उतरतो आणि मग हवेचे पोर्ट उघडतात. नाहीतर धूर उलटा एअरबॉक्समध्ये (ब्लोअरची हवा साठते त्या पेटीत) घुसेल. परतीला एक्झॉस्ट आधी मिटतो, म्हणून ब्लोअरला आणखी थोडी हवा कोंबता येते. साध्या पोर्टवाल्या टू-स्ट्रोकला हे जमत नाही : तिथे आधी उघडलेला पोर्ट शेवटी मिटतो. याची किंमत म्हणजे विषम भार. त्याच (उभ्या सिलिंडरांच्या) इंजिनात पूर्ण लोडवर सुमारे ७२ टक्के शक्ती खालच्या, एक्झॉस्टच्या क्रँकवर येते. गिअर खोलण्याआधी खुणा करा. दात चुकला की हे सगळं गणितच बिघडतं.

प्रश्न : विजयंता रणगाड्यात असंच इंजिन होतं ना? मग रस्त्यावर का दिसत नाही? (निवृत्त सैनिक, महू)

होतं. लेलँडचं एल-६० : सहा सिलिंडर, बारा पिस्टन. ब्रिटनच्या चीफ्टन रणगाड्यात त्याच्याच लायनरांनी पुष्कळ दमवलं. ट्रकमध्येही हा प्रकार येऊन गेला. कॉमर या ब्रिटिश ट्रक कंपनीचं टीएस-३, तीन सिलिंडर, रॉकर (झुलते दांडे) लावून एकच क्रँक.

दुखणं तेलाचं आणि उष्णतेचं. एक्झॉस्टकडच्या पिस्टनला थंड हवेचा दिलासा जवळजवळ नसतो. पिस्टनवरच्या रिंगा पोर्टांवरून जाताना ऑइल तिथे सुटतं, जळतं, कार्बन साचतो. पोर्ट अरुंद झाले की हवा कमी, काळा धूर, ताकद कमी. होनिंगनंतर (लायनर आतून घासून घेतल्यावर) पोर्टांच्या कडा धारदार राहिल्या तर रिंग अडकून मोडते. ब्लोअरचं सील गळत असेल तर आधी तेच बदला : ऑइल हवेबरोबर आत गेलं की इंजिन त्यावरच पळत सुटतं. मग डिझेल तोडून उपयोग नाही, हवा बंद करावी लागते.