गावातल्या कबड्डी मंडळाची स्थापना नक्की कधीची, हे कुठं कळेल?

गाव सांगली जिल्ह्यातलं असेल तर सांगलीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा, मंडळ नोंदलेलं असेल तर शेड्यूल १ च्या, म्हणजे तिथल्या नोंदणी रजिस्टरच्या, उताऱ्याची नक्कल मागा. पावती बुकावर किंवा जुन्या लेटरहेडवर 'महा./' किंवा 'एफ-' ने सुरू होणारा रजि. नंबर असतो, तो आधी शोधा, नाहीतर हेलपाटे पडतात. आमच्या मंडळाचं असंच काढलं, म्हणून सांगतोय. उताऱ्यात पहिले विश्वस्त आणि नंतरचे बदल मिळतात, मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, मात्र वेगळी मागावी लागते. पण उताऱ्यातली तारीख नोंदणीची हां, स्थापनेची नाही, कारण आपल्याकडं पोरं आधी तालमीत नाहीतर देवळापुढं खेळायची आणि कागद कितीतरी वर्षांनी व्हायचे, त्यामुळं जुन्या खेळाडूंकडचे बक्षिसाच्या ढालींचे फोटो बघाच, ढालीवर साल कोरलेलं असतं.